दोन पीळ

अकील भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा
मी एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसलो होतो.
"मोगलाईत एक म्हातारी आहे. पत्र्याचं अस्वल, ढोलवालं.
रंग असा, की आत्ता कारखान्यातून निघालंय."

असं सगळेच म्हणतात.
वीस वर्षांत धुळ्यापासून शहाद्यापर्यंत
मी पुष्कळ 'आत्ता निघालेलं' पाहिलंय:
चोपड्याला माळ्यावर चाकं गेलेली आगगाडी,
बेटावदला एक बाहुली, डोळे आत पडलेले,
हलवली की डोक्यात खुळखुळायचे,
पारोळ्यात लाखेचा भवरा, त्यावर दातांच्या खुणा.
दात कुणाचे, विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं.
त्या दातांपायी त्याने दहा रुपये कमी केले.

धंद्याचा नियम सोपा आहे:
जेवढं कमी खेळलेलं, तेवढं महाग.
खोका असेल तर दीडपट.

सोजरबाईंच्या खोलीत कूलर होता, पाणी नव्हतं.
त्यांनी पेटीतून लुगड्याची घडी काढली,
घडीतून अस्वल.
लाल टोपी. निळा ढोल, काठाला पिवळी नक्षी.
मी भिंग डोळ्याला लावलं आणि, खरं सांगतो,
हात थरथरला.
टिपरीखाली जिथे सगळ्यांचा रंग उडतो,
तिथेही शाबूत.

"एक डाव बी खेयनू नही मी," त्या म्हणाल्या.

बाप मिलमध्ये, कायमचा रातपाळीला.
दिवाळीच्या बोनसात त्यानेच आणलं,
सकाळच्या भोंग्यानंतर घरी आला,
पोरीच्या उशाशी ठेवलं आणि आडवा झाला.
पोरीने चावी लावली, फिरवली.
आईने झडप घालून अस्वलाचा हातच धरला.
"चूप. तुन्हा बाप झोपेल शे."
चावी आईने काढून घेतली.
दिवसा बाप झोपायचा, रात्री सगळी चाळ.
"आणि सुटीला?" मी विचारलं.
सुटीला तो स्वतःच म्हणायचा, वाजव गं, ऐकू तरी दे.
पण चावी कुठे दडवली ते आईला आठवेना.

आई गेल्यावर उतरंड उतरवली
तेव्हा तळच्या मडक्यात, बियाण्याच्या दादरमध्ये सापडली.
तोवर बाप जाऊन अकरा वर्षं झालेली. मिलही गेली होती.
"मग लावून नाही बघितली?"
"कोनासाठे?"

मी आकडा सांगितला, जरा चढवूनच.
त्यांनी पैसे न मोजता गादीखाली सारले,
नातसुनेला चहा टाकायला सांगितलं.
मग मी चावी मागितली.

"अस्वल लई जा, भाऊ.
चावी मन्हाजोडे राही."

चावी नसली की माल निम्म्यावर येतो.
हे मी म्हणू शकत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरी म्हणालो असतो.
बशीतला चहा संपवला आणि उठलो.

दुकानात माझ्याकडे गोडेतेलाचा एक डबा आहे,
त्यात चाव्याच चाव्या,
ज्यांची खेळणी आता कुठे आहेत कुणास ठाऊक.
सतरावी बसली.
फिरवायला गेलो तर बोटांना कळलं,
घड्याळजीच्या बोटांना ते डोळ्यांआधी कळतं,
की स्प्रिंग रिकामी नाही.
आत दोन पीळ भरलेले आहेत.
हात धरला तेव्हा एक दात दुसऱ्यात अडकला असणार,
तो अडकलेलाच राहिला.
चावी लागणारच नव्हती कधी.
चिमट्याच्या टोकाने नुसतं टोचलं असतं, तरी वाजलं असतं.

चिमटा हातात होता.
बाहेर गल्ली नंबर चार उन्हात पडलेली,
पांझरेकडून धूळ येत होती.
मी चिमटा पुसला आणि खणात ठेवला.

संध्याकाळी नाशिकच्या गिऱ्हाईकाचा फोन:
"वाजतं का?"
"ठाऊक नाही."
"अहो, तुम्ही घड्याळजी ना?"
म्हटलं, थांबा दोन दिवस.
उद्या मोगलाईत जायचंय,
अस्वल घेऊन.